मैनाबाईंचं नाताळाचं झाड

सदाशिवराव एस.टी.त कंडक्टर होते. अर्धी नोकरी मुक्कामाच्या गाडीवर गेली. दारव्ह्याच्या घरात संध्याकाळी काय चालतं, हे त्यांना कधी नीट कळलंच नाही. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच त्यांच्या पत्नी मैनाबाई गेल्या.

मागे राहिलं कुंडीतलं पॉइन्सेटिया. मैनाबाई त्याला नाताळाचं झाड म्हणायच्या. दर डिसेंबरात त्याची वरची पानं लालभडक व्हायची आणि त्या शेजारणींना बोलावून दाखवायच्या. त्या गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात झाड हिरवंच राहिलं. सदाशिवरावांनी शेणखत घातलं, कुंडी बदलली. काही उपयोग झाला नाही. झाडानंही आपल्यासारखंच मनाला लावून घेतलं असेल, असं त्यांना वाटलं.

पुढच्या दसऱ्याला आठवडी बाजारात रोपं विकणाऱ्या गोपालला त्यांनी विचारलं.

"रातच्यानं कोठं ठेवता?" गोपाल म्हणाला.

"समोरच्या खोलीत. माह्याजवळच."

"लाइट चालू रायते?"

"रातभर. अंधारात झोप येत नाही मले आता."

"मंग कशी लाल होतीन पानं, भाऊ? याले दिवस बुडाल्यापासून सकाळलोक गडद अंधार लागते, रोजच्या रोज. मधात बल्ब लागला का रात्र मोठी झाली हे त्याले समजतच नाही. एकदा रंग भरला का मंग कोठंबी ठेवा."

सदाशिवराव तिथंच थबकले. सुट्टीच्या एखाद्या संध्याकाळी मैनाबाई कुंडी उचलून कोठीच्या खोलीत नेताना त्यांना दिसल्या होत्या. "झाडालेबी झोपवतं का वं?" असं म्हणून ते हसले होते. त्याही हसल्या होत्या. "काहून नेतं?" असं मात्र सदाशिवरावांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून दिवस कलला की कुंडी कोठीत आणि सकाळी उन्हात. दिग्रसला पुतण्याच्या साक्षगंधात अंगठ्या घालून झाल्या, पण जेवणाची पंगत बसायच्या आधीच ते निघाले.

"काका, इतकी घाई कायले? घरी कोणी वाट पाहून राह्यलं का?"

"हो," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

डिसेंबर सरता सरता शेंड्याच्या पानांवर लाली चढली. त्यांनी पुण्याला मुलीला, नयनला, व्हिडिओ कॉल लावला.

"अय्या, आईचं झाड! बाबा, जरा जवळ धरा ना." तिनं बराच वेळ पाहिलं. मग तिला कुणीतरी हाक मारली. "रविवारी बोलते हं, बाबा."

सूर्य मावळला. सवयीनं त्यांनी कुंडी उचलली, आणि आता तिला आत न्यायची गरज नाही, हे ध्यानात आलं. ते कुंडी हातात घेऊन तसेच खोलीच्या मधोमध उभे राहिले. शेजारी कुकरची शिटी झाली, कोणीतरी मोठ्यानं हसलं. शेवटी त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली, सकाळची भाजी गरम केली आणि ताट घेऊन तिच्यासमोर जेवायला बसले.