पंख मोडला त्या दिवशी

पंख मोडल्यावर आनंदाने ओरडणारा विद्यार्थी आमच्या वर्गात मी एकटाच निघालो. बाकीचेही खूश झाले, पण त्यांनी निदान सभ्यपणा पाळला.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली ती वर्षं. आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो आणि मी माटुंग्याच्या कॉलेजात विमानाचं इंजिनिअरिंग शिकत होतो. आकाशातलं विमान मी फक्त खालून पाहिलेलं. आमच्या मजल्यावर कुणी विचारलं की वडील सांगत, "विमान बांधतो तो." प्रत्यक्षात शेवटच्या वर्षाला दोघादोघांत मिळून एका ग्लायडरचा पुरुषभर लांबीचा पंख बांधायचा होता. त्या पंखाने नेमलेला भार पेलला तर प्रॅक्टिकल पास, नाहीतर सगळं वर्ष पुन्हा. माझी फ्रीशिप होती, म्हणजे फी माफ होती, आणि नापास झालेल्याला फ्रीशिप मिळत नसे. तसं झालं असतं तर मला रोज सकाळी वडिलांच्या मिलच्या गेटवर बदली कामगार म्हणून उभं राहावं लागलं असतं. हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पंखाचा सगळा जीव त्याच्या आतल्या लांब तुळईत असतो. आम्ही तिला स्पार म्हणत असू. लाकूड परदेशातून येई आणि जोडीला मोजकंच मिळे. आमच्या वाट्याला दोन आखूड तुकडे आले. ते तिरके तासून, दुधापासून केलेल्या पुडीचा सरस लावून एकमेकांना चिकटवायचे होते. सरस कालवला की घाई करावी लागे. चटकन सांधायचं, क्लॅम्प करकचून आवळायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

आम्ही सरस लावला, दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवले, आणि तेवढ्यात घंटा घणघणली. परळला अश्रुधूर सोडला होता, संध्याकाळपासून कर्फ्यू लागणार होता, सगळ्यांनी ताबडतोब घरी जायचं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे याबद्दल माझं दुमत नव्हतं. पण ती नेमकी सरस ओला असतानाच मागायची होती का, असं त्या घटकेला माझ्या मनात आलं, हे खरं. आम्ही दोघांनी भराभर क्लॅम्प आवळले आणि शिपायाने आम्हाला जवळजवळ हाकलून बाहेर काढलं.

दादरपर्यंत आम्ही बरोबर चाललो. माझा जोडीदार गिरगावचा. तो एकदम थांबला आणि म्हणाला, "टोकाचा क्लॅम्प तू आवळलास ना रे?"

"मला वाटलं, तू आवळलास."

परत फिरायची सोय नव्हती.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा आम्ही धावतच वर्कशॉपमध्ये गेलो. स्पार टेबलावर होता आणि क्लॅम्प कपाटात. झाडलोट करताना कुणीतरी ते काढून नीट लावून ठेवले होते. टोकाचा सैल होता की घट्ट, हे सांगायला कुणी नव्हतं. वरून सांधा झकास दिसत होता. पण सरसाचा सांधा वरून नेहमीच झकास दिसतो. दुसरं लाकूड मिळणार नव्हतं. वर्कशॉपच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी अंगठ्याने सांधा चाचपला आणि म्हणाले, "आत डोकावता येत नाही. बांधा पंख. तोच सांगेल."

पुढचे सगळे महिने तो सांधा माझ्या डोक्यात बसला होता. फासळ्या बसवल्या, वर कापड ताणलं, त्यावर रोगण चढवलं. पंख दिसायला देखणा झाला, तसतसा मला त्याचा राग येऊ लागला. जेवताना आई विचारी, "आता खय आसस तू?" मी त्या टोकाच्या क्लॅम्पपाशी असे.

परीक्षेच्या दिवशी पंख भिंतीतल्या लोखंडी चौकटीला उलटा बसवला. हवा पंखाला वर उचलते, म्हणून तो उलटा करून वर वाळूच्या थैल्या ठेवायच्या, म्हणजे तोच जोर पडतो. एकेक थैली ठेवली जात होती. पंखाचं टोक वाकू लागलं. आतून कुरकुर झाली तसा जोडीदाराने माझा दंड धरला. मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, "भार पुरा झाला." ते घड्याळ बघत उभे राहिले, आणि पंख तसाच राहिला. "पास," ते म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. सांधा कसाबसा तगला असेल, असंच मनात येत राहिलं. आमच्याकडे रीत होती, पास झालेला पंख तसाच ठेवायचा नाही, मोडेपर्यंत थैल्या चढवायच्या. कुठे मोडतो ते बघण्यासाठीच ती परीक्षा. सरांनी खूण केली. थैल्या चढत गेल्या आणि कडाड्कन आवाज झाला.

मी वाळूत गुडघ्यांवर बसून कापड फाडलं. सांधा जसाच्या तसा होता. त्याच्यापासून वीतभर अंतरावर अख्खं लाकूड तुटलं होतं. तेव्हा मी ओरडलो. सरांनी सांध्याचा तुकडा करवतीने कापून माझ्या हातात दिला.

तो घेऊन मी लालबागपर्यंत जवळजवळ पळतच आलो. आई गॅलरीत बायकांबरोबर तांदूळ निवडत बसली होती. "आई, मोडला! पंख मोडला!"

आईने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "गप ऱ्हव," ती म्हणाली. "पुढल्या वर्सा परत कर. बापाशीक मी सांगतंय."

"अगं, पास झालो मी!"

"मगे मोडलो कसो?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "मोडूचोच होतो तर वर्सभर केलस कित्याक?" बायका हसल्या, मीही हसलो. ती हसली नाही. "खय जोडललस ता दाखव," म्हणाली.

मी दाखवलं. तिने लुगड्याला हात पुसले, तुकडा दोन्ही हातांत धरला, एक पाय भिंतीला लावला आणि दात आवळून ओढला. मग पिळून बघितला. मग पुन्हा ओढला.

"सुटणा नाय मा," ती म्हणाली.

मी तिथेच तांदळाशेजारी फतकल मारून बसलो आणि सगळ्या बायकांसमोर हमसून हमसून रडलो.