मी मारलेली गाठ

भाईंदर पश्चिमेला राहायचो आणि वरसाव्याच्या पुलाजवळच्या एका बागवाल्या हॉटेलात मॅनेजर होतो, तेव्हाची गोष्ट. नव्वद-एक्याण्णव साल असावं. मॅनेजर म्हणजे काय, तर स्वयंपाकघरापासून गटारापर्यंत जे बिघडेल त्याला मी जबाबदार. बागेच्या कोपऱ्यात एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात एक माकडीण. कुठल्याशा खेळवाल्याने थकल्यावर मालकांच्या गळ्यात मारलेली. तिने आपल्याच डाव्या हाताचे केस उपटून उपटून मनगटापासून कोपरापर्यंत हात सोललेल्या कोंबडीसारखा करून टाकला होता. जेवताना ते बघवत नाही, अशी गिऱ्हाइकांची तक्रार यायला लागली, तेव्हा कुठे मालकांनी गुरांचा डॉक्टर बोलावला.

डॉक्टर माकडिणीपेक्षा तिच्या ताटलीकडेच जास्त बघत होता. "हे किती वेळात संपवते?"

मी घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं.

"आणि मग दिवसभर काय करायचं?"

मला वाटलं मलाच विचारतोय. मी चाचरलो.

"हिच्याबद्दल बोलतोय," डॉक्टर म्हणाला. "जंगलात असती तर दिवसभर खाणं शोधत फिरली असती. इथे तुम्ही ताटलीत वाढून देता. उरलेल्या वेळात ती स्वतःला सोलते. खाणं लपवा. मिळवायला मेहनत पडू द्या."

मेहनत म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. बांबूच्या नळीला भोकं पाडली, आत चणे भरले आणि ते कसे काढायचे हे तिला दाखवायला स्वतःचं बोट घातलं. बोट अडकलं. अर्धा तास मी पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून बोट ओढत होतो आणि ती गजांना टेकून बघत होती. एक मात्र सांगतो, त्या अर्ध्या तासात तिने एकही केस उपटला नाही.

बांबू फोडून माझं बोट सोडवलं ते अंकलनी. अंकल बागेचं आणि पिंजऱ्याचं बघायचे. समुद्राकाठच्या चौक गावचे, जन्मभर मासेमारीच्या होडीवर गेलेले, गुडघ्यांनी दगा दिल्यावर इथे आलेले. मालक सोडून सगळ्यांना अरे-तुरे.

"सायब, तू ह्याच्यात पडू नको. तुला न्हाय जमायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून फाटक्या जाळ्याचा तुकडा आणला. त्यात शेंगा, चणे, गाजराचे तुकडे आणि भरपूर सुकं गवत कोंबलं, नारळाएवढा गोळा केला आणि वर गाठी मारल्या. माकडिणीने तो हुंगला, हलवला, चावला. मग बोटं चालायला लागली. सकाळ तशीच गेली. अंकल रोज गाठ बदलायचे. "कालची तिला म्हायती झाली," म्हणायचे.

दोनेक महिन्यांत तिच्या हातावर लव दिसू लागली. कामावर आलो की चहाच्या आधी मी तो हात बघायला जायचो. मालकांनीही शब्द दिला होता, "हात भरू दे, मग तिला जंगलखात्याकडे सोपवू. मोठी जागा, चार माकडं सोबतीला. मी बोललोय."

मग एक दिवस सफारी घातलेले गृहस्थ आले. "माकडांचे जाणकार आहेत, सगळं दाखव," मालक म्हणाले. झालं. मी त्यांना चहा पाजला, कटलेट खिलवलं आणि तासभर व्याख्यान दिलं. तिच्याकडून तीन गोळे सोडवून दाखवले.

"लोकांसमोर करते?"

"रविवारी तर जास्तच."

"नव्या माणसाच्या हातून घेते?"

"माझ्या हातून घेते ना," मी छाती काढून म्हणालो.

ते गेल्यावर अंकल म्हणाले, "सायब, त्यानं तिचा हात बगितलाच न्हाय. बोटंच बगीत होता."

"अंकल, तुम्हाला मासे कळतात. माणसं माझ्यावर सोडा."

आठवड्याने टेम्पो आला, वर लाकडी पेटी. ती पेटीत जाईना. मालक मला म्हणाले, "तूच घाल. तुझ्यावर भरवसा आहे तिचा."

मी अंकलना गोळा बांधायला सांगितलं. "मी न्हाय बांधायचा," म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. मग मीच बांधला, बुटाची नाडी बांधतात तसा. पेटीत ठेवला. तिने दारातून वाकून तो हुंगला, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेली. मी फळी खाली सोडली.

ड्रायव्हर दोरी आवळत होता. "साहब, गाठ खोलनेवाली यही है ना? मेले में अच्छा चलेगी."

मी मालकांकडे वळलो. "तुम्ही जंगलखातं म्हणाला होतात."

"अरे, तिचा हात भरला ना? तुला तेच हवं होतं ना?" मालक हसले. "सोललेलं माकड कोण विकत घेतं?"

मी पेटीपाशी धावलो, फटीतून आत बघितलं. माझी गाठ एका हिसक्यात सुटली होती. जाळं रिकामं पडलं होतं, शेंगांची टरफलं विखुरली होती. टेम्पो अजून फाटकाबाहेरही पडला नव्हता आणि तिचं खाणं संपलं होतं. उजव्या हाताने ती डाव्या हातावरचे नवे केस चाचपत होती. अंकलची गाठ असती तर निदान अर्ध्या रस्त्यापर्यंत पुरली असती.

त्याच क्षणी नोकरीवर लाथ मारली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण दुपारी बारशाची पार्टी होती. मी टेबलं लावली.

संध्याकाळी अंकल उरलेलं जाळं गुंडाळून सायकलला बांधत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "अंकल, ती गाठ मला शिकवा."

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली.

"कोनासाठी?"