गफूर मास्तरांचे चिंचोके

आमच्या मदरशातली, म्हणजे सरकारी शाळेतली, दोन टाळकी औरंगाबादेत कुठंही भेटू द्या, चहा निवतो पण गफूर मास्तरांचे किस्से संपत नाहीत. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात! निजामाच्या राज्यात आम्हा मराठी पोरांना हिसाब उर्दूत, आणि नापास झालं की घरचा रस्ता. फुलंब्रीच्या काशिनाथला तर वडिलांचं फर्मानच होतं, हिसाबात गेलास तर शाळा बंद.

*

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सातवीच्या आम्हा घोड्यांपुढं चिंचोके ओतले. "दस-दस के ढेर लगाओ!"

करमाडचा बाळू मिशीवर हात फिरवत म्हणाला, "मास्तरसाब, आम्ही काय पहिलीत हाय व्हय?"

"मूँछ आ गई मियाँ, हातचा आया क्या?"

नव्हता आला. अर्ध्या वर्गाला नव्हता!

*

एकदा हेडमास्तर दारात. "ये मदरसा है या किराना?"

मास्तरांनी त्यांच्याच ओंजळीत मूठभर चिंचोके टाकले. "बैठो साब, बेरीज चालू है." साहेब बसले की! घंटा होईपर्यंत उठले नाहीत.

*

बाळूला पाढे तोंडपाठ. पण मधूनच "सात आठे?" विचारलं की गडी सात एके सातपासून सुरू!

"जालना जाने को हर बार मनमाड से बैठता क्या रे? करमाड से बैठ!"

मग मास्तर त्याला येता-जाता, नळावरसुद्धा, मधलेच पाढे विचारायचे. बाळू सुधारला. असा मास्तर पुन्हा नाय भेटला आम्हाला.

*

काशिनाथची मात्र कमाल होती. काही बेरजा अगदी बरोबर, काही साफ चूक. बाकीचे मास्तर त्याला आळशी म्हणून छडीनं सोलायचे. सहामाहीत नापास झाला आणि त्याचे वडील, फुलंब्रीचे पाटील, त्याला न्यायला येणार असा निरोप आला. पोरगं रडून रडून लाल.

गफूर मास्तर शुक्रवारच्या सुट्टीत त्याच्या चुका घेऊन बसले. अडतीस आणि पंचवीस, काशिनाथचं उत्तर पाचशे तेरा! मास्तर खूश. "अरे, हातचा नसला की तुझं बरोबर, आला की चूक! तू डावीकडून सुरू करतो!"

"आबांनी घरी तसंच शिकवलं," काशिनाथ म्हणाला. अक्षर डावीकडून, तर आकडाबी डावीकडून. आठवडाभर मास्तरांनी त्याच्याकडून चिंचोक्यांवर उजवीकडून बेरजा करून घेतल्या.

पाटील आले. पोराचं गाठोडं बांधायला सांगितलं. मास्तरांनी अंगणातल्या मातीत तीच बेरीज मांडली, काडी पुढं केली. "पाटील, इतना करके ले जाओ."

पाटलांनी काडी डावीकडं टेकवली.

काशिनाथनं पटकन त्यांचा हात धरला आणि उजवीकडं नेला. "आबा, इकडून. आठ अन् पाच तेरा. तीन लिवा, एक हातचा."

फुलंब्रीत पाटलांचा हात धरायची कुणाची छाती नव्हती!

पाटलांनी पोराकडं पाहिलं. उकिडवे बसले. त्यानं सांगितलं तसे त्रेसष्ट लिहिले. काडी मास्तरांना परत दिली आणि एकटेच फुलंब्रीला गेले.