संपाचं कडवं कुठे गेलं?

आज दुपारी परळच्या एका हॉलमधून चिडून घरी आले आणि तशीच लिहायला बसले आहे.

गिरणी संपात गेटवर गाणारे आमच्या चाळीतले शाहीरकाका. त्यांनी आपली गाजलेली गाणी नव्याने रेकॉर्ड केली, त्या अल्बमचं आज प्रकाशन होतं. माझे बाबा तेव्हा गिरणीत होते आणि काकांचे झीलकरी, म्हणजे मागून सूर उचलून धरणारे.

त्यातलं संपाचं कडवं असलेलं गाणं स्पीकरवर लागलं. संपाच्या कडव्याआधी झीलकऱ्याने सूर धरायचा असतो. बाबांनी कानावर हात ठेवून नेमक्या जागी ‘जी जी रं जी’ उचललं. पण पुढे कडवं आलंच नाही. नाचाचं म्युझिक सुरू झालं. बाबांचा आवाज हॉलमध्ये एकटाच पडला आणि लोक हसले.

मी काकांना बाजूला गाठलं.

“अगं पोरी, संप आता कोणाला कळतो? कंपनीवाले म्हणाले, लग्नात वाजेल असं द्या.”

“निदान बाबांना सांगायचं तरी!”

“रागावतेस कशाला? गाणं माझंच आहे ना?”

आहे, त्यांचंच आहे. मी तर संप फक्त ऐकलेला. मला रागवायचा हक्क आहे का, हे मीही स्वतःला विचारते आहे. पण उपाशीपोटी ज्यांनी त्या कडव्याला झील दिली, त्यांना एका शब्दाने विचारू नये?

टॅक्सीत बाबा म्हणाले, “माझीच जागा चुकली गो. आता ध्यानात ऱ्हवना नाय.”

तुमची जागा चुकली नाही, कडवंच कापलंय, हे त्यांना सांगू की नको? तुम्ही काय केलं असतं?