मेंदूच्या डिग्रीचा भाव

साहेबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फाइलमधून काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात दिलं.

"नामदेव, पाय बे जरा. या कागदाचे महिन्याचे किती देऊ?"

नामदेवकाका माझ्या बाबांच्या वयाचे. त्यांनी कागद मळू नये म्हणून कडांना धरला. खाली पाहत म्हणाले, "मले काय समजते साहेब."

"तुले किती देतो मी?"

"आठ हजार."

"तू झाडूपोछा करतं, पाणी देतं, बँकेत जातं. हिले इंजेक्शन देता येते का? नाई. गोळी लिहून देता येते? नाई. मंग हिचे सात."

सोफ्यावर साहेबांचे दोन मित्र बसले होते. ते हसले. मीही हसले. हे लिहायला नको वाटतं, पण हसले. आणि सातला हो म्हणाले.

मी वडनेर भोलजीची. आमचा भाजीपाला. वांगी, मेथी, मिरची. आई नांदुऱ्याच्या बाजारात बसते. घरात आत्या होती, तिला फिट यायच्या. ती पडली की लोक चप्पल हुंगवायचे. दोन ठिकाणी सोयरीक मोडली, मग तिला पाहुण्यांसमोर येऊ देणंच बंद झालं. तिच्या डोक्यात नेमकं काय होतं, हे मी सगळ्यांना विचारायची. कोणालाच सांगता यायचं नाही. म्हणून बारावीनंतर मी पुण्यात न्यूरोसायन्सची बीएस्सी घेतली.

तीन वर्षं. वर्गात तोंडातून 'मले' निघालं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मी बोलणं कमी केलं, मार्क वाढवले. शेवटच्या वर्षी कळलं की या डिग्रीवर कोणी नोकरी देत नाही. पुढे एमएस्सी, मग पीएचडी, मग कुठे दार उघडणार. ज्यांच्या घरी आणखी सात-आठ वर्षं बसून शिकायची सोय होती त्या मुली पुढे गेल्या. मी परत आले.

गावात विचारायचे, डॉक्टर झाली का? नाही. मग नर्स? नाही. मग तीन साल काय केलं? आई बाजारात सांगायची, पोरगी मेंदूचं शिकली, आणि लगेच वांग्यांचा भाव सांगायला लागायची.

बुलढाण्यात साहेबांचं मेंदू विकास केंद्र होतं. साहेब मोठ्या जमीनदार घरातले, आमच्या वडनेरातही त्यांची शेती. बुलढाण्यात त्यांचे गाळे, त्यांची शाळा, त्यांच्या घरी पुढाऱ्यांचं येणंजाणं. केंद्रात लेकराच्या कपाळाला एक पट्टा बांधायचा. पडद्यावर निळे-लाल रंग हलायचे. पाच मिनिटांत रंगीत रिपोर्ट निघायचा. मूल कशात हुशार, कशात कच्चं, पुढे काय शिकवावं. कच्चं निघालं तर सहा महिन्यांचा कोर्स.

कपाळाला दोन तारा लावून असं काही कळत नाही, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तीन वर्षं तेच तर शिकले होते. मी ते गिळलं.

दुसऱ्या महिन्यात एक बँकेतले अधिकारी मुलाला घेऊन आले. रिपोर्ट वाचतो कोण, म्हणून अडून बसले. साहेबांनी मला पुढे केलं. मी मेंदूच्या भागांची नावं घेतली, त्यांनी तिथल्या तिथे पैसे भरले. आठवडाभरात मला पांढरा कोट आला. दारावर पाटी लागली, माझ्या नावापुढे न्यूरोसायंटिस्ट. प्रत्येक रिपोर्टखाली माझी सही. पगार पंचवीस हजार.

"तुह्या कागदाचा भाव वाढला," साहेब म्हणाले.

मी त्या पैशातून आईचे डोळे तपासून चष्मा केला. चार महिने सह्या केल्या.

एका दुपारी केंद्रात कोणी नव्हतं. मी पट्टा स्वतःच्या कपाळाला बांधला. संगणकावर नाव, वय, शाळा आणि पालकांचा व्यवसाय विचारतात. मी खरं ते भरलं. भाजीपाला. रिपोर्ट आला: आकलन साधारण, हातकामात गती, लवकर रोजगाराकडे वळवावे. पट्टा तसाच ठेवला. व्यवसायाच्या जागी डॉक्टर लिहिलं. रिपोर्ट आला: तर्कबुद्धी उत्तम, उच्च शिक्षणास योग्य.

पुन्हा केलं. शेतमजूर लिहिलं. प्राध्यापक लिहिलं. दर वेळी तसंच.

कपाट उघडून मी जुने रिपोर्ट काढले. मेंढपाळाचं पोरगं, हातकाम. हमालाची पोरगी, हातकाम. वकिलाचा मुलगा, उच्च शिक्षण. खाली माझी सही. सगळीकडे माझीच सही, सुंदर, तिरकी, पुण्यात वळण लावलेली.

मी त्या कागदांचे पत्त्यांसकट मोबाईलवर फोटो काढून घेतले, पण त्या दिवशी नोकरी सोडली नाही. पगार चार दिवसांवर होता. हेही लिहून ठेवते.

दोन दिवसांनी देऊळगाव राजाकडची एक बाई आली. सोबत आठ वर्षांची मुलगी. बाई म्हणाली, गुरुजी हिला मारतात, हिचं ध्यान नसतं म्हणून. मी मुलीला शाळेतलं काही विचारलं. ती बोलता बोलता मधेच थांबली. नजर एकाच जागी खिळली, पापण्या फडफडल्या. काही क्षणांनी ती पुढचं बोलायला लागली, मधलं तिला ठाऊकच नव्हतं. मी बसल्या जागी तीनदा पाहिलं.

"हे कधीपासून?"

"वरीस झालं बाई. लेकरू असं हरवतंय."

पट्ट्याचा रिपोर्ट निघाला: एकाग्रता कमी, कोर्स आवश्यक. बाईनं पदराच्या गाठीतून पैसे काढले. मी तिचा हात धरला. म्हटलं, पैसे ठेवा. मी डॉक्टर नाही, पण ही फिटचीच एक तऱ्हा असू शकते. तिला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आणि गुरुजींना सांगा, हात लावू नका.

खोलीत कॅमेरा होता. पाच मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं.

ते ओरडले नाहीत. दार लावलं, पंखा बंद केला आणि कपाटातला गठ्ठा टेबलावर ठेवला.

"यातल्या एका तरी कागदावर मही सही दाखव."

मी गठ्ठा चाळला.

"नाई ना? पंचवीस हजार काऊन देऊन राह्यलो तुले? उद्या काई झालं तं आत कोण जाईन?" मग अगदी मायेनं म्हणाले, "बापाच्या वावराचा रस्ता आमच्या बांधावरून जाते म्हणे. जपून राय."

तेव्हा मला माझ्या डिग्रीचा खरा उपयोग समजला. त्यांना शिकलेलं माणूस नको होतं. अडकवायला नाव पाहिजे होतं.

मी कोट काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या हॉलमध्ये गेले. दहा-बारा आईबाप लेकरांना घेऊन बसले होते. पुण्यापासून दाबून ठेवलेली माझी बोली आपोआप तोंडात आली.

"मी वडनेरची हाये. हे यंत्र तुमच्या लेकराच्या डोक्यातलं काईच सांगत नाई. बापाचा धंदा पायते अन् लिहिते. त्याच्याखाली मी खोट्या सह्या केल्या. पोराइले शाळेतून काढू नका."

कोणी उठलं नाही. एका बापानं विचारलं, मग आमचे पैसे? नामदेवकाका माझी चप्पल दारापर्यंत घेऊन आले, पुढे ठेवली आणि आत गेले.

मी पोलिसांत लेखी तक्रार दिली. फोटोंवरून माझ्या रिपोर्टच्या प्रती काढून जोडल्या. ती वाचणारे पोलिस अधिकारी म्हणाले, "मॅडम, यात तर तुम्हीच अडकता." मी म्हटलं, हो, सही माझीच आहे. त्यांनी पोच दिली. त्याला सहा आठवडे झाले. केंद्र चालू आहे. दारावर दुसऱ्या मुलीच्या नावाची पाटी आहे.

आमच्या वावराकडे जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार लागली. संध्याकाळी एक पांढरी गाडी बांधाशी येऊन उभी राहते. काचा वर. कोणी उतरत नाही. बाबा भाज्यांची पोती डोक्यावर घेऊन नाल्यातून फिरून येतात. मी त्यांना विचारलं, थांबू का? तक्रार मागे घेऊ?

त्यांनी मिरच्या निवडता निवडता विचारलं.

"तुनं खोटं लिहिलं होतं?"

"हो."

"मंग तुनंच पुसावं."

ज्यांच्या रिपोर्टवर माझी सही आहे त्यांचे पत्ते मी त्या फोटोंवरून उतरवून घेतले आहेत. रोज एक-दोन घरी जाते. काही पाणी देतात, काही शिव्या. काल मोताळ्याजवळच्या एका गावात गेले. तिथल्या एका बापानं रिपोर्ट वाचून पोराची शाळा सोडवली, त्याला गॅरेजवर टाकलं होतं. मी नाव सांगताच त्यानं दार लावून घेतलं. आतून म्हणाला, तुम्हीच लिहिलं होतं ना, आता कोणतं खरं?

उद्या पहिल्या गाडीनं पुन्हा त्याच दारी जाणार आहे. पांढरी गाडी मागे आली तर येऊ दे. तो दार उघडून माझं तोंड पाहीपर्यंत मी तिथून हलणार नाही.