सर्कलवर दाखवलेला हात

सर्कलमध्ये जो आधीच आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. सायकलवाल्यासाठी तो कुणी पाळत नाही. म्हणून बाहेर पडताना मी डावा हात लांब करतो. बायको होती तेव्हा हे काम कॅरिअरवर बसून ती करायची. म्हणायची, "हात मी दाखवते, तुम्ही हॅंडल सोडू नका."

आज बसच्या खिडकीतल्या एका अनोळखी बाईंना वाटलं, मी त्यांनाच हात करतोय. त्यांनी हसून हात हलवला. मग मीही हलवला. तेवढ्यात माझं वळण मागे पडलं आणि सर्कलला आणखी एक फेरा पडला.

उशीर का झाला, हे विचारणारं घरी कुणी नव्हतं. नाहीतर सांगितलं असतं.