लाइन जोडली, ओव्हर
मी फौजेतून सिग्नलचा हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता सायली गावातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. राहायला डोकमर्डीत. ड्यूटी सात ते सात.

गेल्या वर्षी माझं जेवण सुटलं, मग बोलणं. बायको मला काउन्सेलर मॅडमकडे घेऊन गेली. डिप्रेशन आहे, असं त्यांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी एक वही दिली. डावीकडे घडलं ते लिहायचं, उजवीकडे मला वाटतं ते.

"हा तर सिटरेप झाला, पोस्टवरून पाठवायचो तसा अहवाल," मी म्हणालो.

"मग तुम्हाला जमेल, हवालदारसाहेब."

उजवीकडे एकच ओळ लिहिली. नाईक शिवाला मी मारलं. डावी बाजू महिनाभर कोरी राहिली.

अकरा वर्षांपूर्वी बर्फातल्या पोस्टवर आमची टेलिफोन लाइन तुटली होती. खालच्या तळाचे हुकूम त्याच लाइनवरून यायचे. दुरुस्तीला माझ्या हाताखालच्या शिवाला मी धाडलं. ०७१० ला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला, "लाइन जोडली. ओव्हर." मी "रॉजर" म्हणालो. पुढच्या मिनिटाला त्याच्यावर कडा कोसळला.

एका दुपारी, १५०० वाजता, गेटवर हातातला सेट बोलला. "लाइन जोडली. ओव्हर."

आवाज शिवाचा होता. पुन्हा तेच. मागच्या मशीन ऐकू येईनाशा झाल्या. तो गच्चीवरून बोलतोय असं वाटलं, म्हणून मी जिना चढू लागलो. खोटं कशाला सांगू, मला परत उतरायचं नव्हतं.

"साहेब, कथा चालनात?" कुठे निघालो, असं धुळ्याचा गार्ड रवींद्र खालून ओरडून विचारत होता.

"सेटवर कॉल आहे."

"बॅटरी तं चार्जिंगले लायेल शे!"

सेट उलटा केला. बॅटरीची जागा रिकामी होती. आवाज येतच होता.

मी पायरीवर बसलो. रवींद्रला शेजारी बसवलं, वही काढली आणि डावीकडे लिहायला घेतलं. ०६४० लाइन तुटली. ०६४५ हवामान साफ, दुरुस्तीची पाळी शिवाची. ०७१० लाइन जोडली. ०७२५ टेलिफोन वाजला, पोस्ट तात्काळ खाली करा.

पेन थांबलं. अकरा वर्षांत हा टेलिफोन मला एकदाही आठवला नव्हता. ०८०० ला अख्खी पोस्ट बर्फाखाली गेली, तेव्हा आत कोणी नव्हतं. मी रवींद्रसमोर ढसाढसा रडलो.

मॅडमनी मला डॉक्टरांकडेही पाठवलं. गोळ्या चालू आहेत, वहीही. आवाज कधीतरी येतो. आला की मी वेळ टाकतो आणि डावीकडे तेच पुन्हा लिहितो.

नाईक शिवा. ०७१० ला लाइन जोडली. त्या लाइनवर आलेल्या हुकमाने नऊ जण खाली उतरले. त्यांत मी होतो.